केळी, कॉल लेटर आणि काळा कागद

नमस्कार मंडळी. आज लढाईच्या दिवसांबद्दल बोलायचंय, पण आधीच सांगून टाकतो, मी लढाई बघितलेली नाही. माझे तळपाय सपाट आहेत. आमच्या वाड्यात हे तपासायची सोपी पद्धत होती, न्हाणीघरातून ओल्या पायाने बाहेर यायचं आणि शहाबादी फरशीवर उमटलेलं पाऊल बघायचं. चांगलं पाऊल मधे बारीक असतं, गौरींच्या वेळी रांगोळीत काढतात ना, तसं. माझं उमटायचं भाकरीसारखं, अख्खं. आई म्हणायची, पोरगा जमीन धरून राहील. राहिलाच म्हणा.

साल १९६२. आम्ही नारायण पेठेत नदीच्या बाजूला राहायचो आणि वाड्याच्या भिंतीवर अजून पानशेतची रेघ होती. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं, पाणी पेठांमधे शिरलं आणि ओसरल्यावर जो चिखल राहिला त्याचा वास पुढचा एक पावसाळा गेला तरी जिन्याखाली यायचा. हे कशाला सांगतोय, तर आमच्या ग्रुपला मिलिटरीचं वेड लागलं ते चीनमुळे नाही, त्या चिखलामुळे. धरण वाचवायला वाळूची पोती रचणारे जवान, नंतर शहरात ट्रकमधून उतरून कामाला लागलेले जवान, हे आम्ही अठरा-एकोणीस वर्षांचे असताना बघितलं होतं. त्यांच्याकडे फावडी होती आणि त्यांना कुठे उभं राहायचं ते माहीत होतं, आम्हाला तेवढंच पुरलं.

आम्ही चौघं होतो. नावं सांगत नाही, दोघं अजून आहेत आणि रेडिओ लावून बसले असतील. एक मंडईतल्या गाळेवाल्याचा मुलगा, काडीपैलवान. त्याला मेजर म्हणायचो, कारण त्याला मेजर व्हायचं होतं. दुसरा भिक्षुकाचा मुलगा, शेंडी नुकतीच कापलेली, संस्कृतात पहिला. तिसरा मुळशीकडचा, शिकायला पुण्यात राहिलेला, वारावर जेवायचा. म्हणजे सात दिवस सात घरी. आमच्याकडे त्याचा मंगळवार. आणि चौथा मी.

२० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला, ऐन दिवाळीच्या तोंडावर. २६ तारखेला आणीबाणी जाहीर झाली (ही पहिली बरं का, सगळ्यांना १९७५ चीच आठवते). वाड्यात रेडिओ एकच, वरच्या मजल्यावरच्या काकांचा, लाकडी खोक्याचा. तो लावला की आतले दिवे गरम व्हायला वेळ घ्यायचा, मग आधी घरघर, मग बातम्या. काका त्याच्यावर भरतकामाचं कापड घालायचे आणि कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. त्या महिन्यात मात्र बाया, पोरं, खालचा शिंपी, सगळे जिन्यात बसून ऐकायचे आणि तवांग, बोमडिला ही नावं आम्ही नकाशात बघायच्या आधी कानाने पाठ केली. आमच्या आजीला तवांग हे माणसाचं नाव वाटायचं. ती विचारायची, आला का रे तो परत?

मग यशवंतरावांना दिल्लीला बोलावलं. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला असं सगळीकडे म्हणायला लागले आणि आम्हा पोरांना वाटलं की आता आपल्याला पण बोलावणार. गंमत बघा, त्यांनी संरक्षण खातं हातात घेतलं तो दिवस २१ नोव्हेंबर आणि चीनने एकतर्फी लढाई थांबवली तोही दिवस तोच. म्हणजे लढाई संपली, पण खरी भरती त्याच्यानंतर सुरू झाली. हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. लढाई महिनाभराची आणि तिची तयारी पुढे तीन वर्षं, आणि मी जे दिवस सांगतोय ते ह्या तीन वर्षातले.

घरात काय बदललं म्हणाल तर आधी सुया. विणकामाच्या. जवानांना डोंगरात थंडी वाजते म्हणून गल्लीतल्या झाडून सगळ्या बाया स्वेटर विणायला बसल्या, लोकर मंडळातून यायची, एकाच मातकट हिरव्या रंगाची. आमच्या काकूंनी विणलेल्या स्वेटरचा एक हात दुसऱ्यापेक्षा चार बोटं लांब झाला आणि तो उसवायला वेळ नव्हता, तसाच गेला. काकू पुढे कितीतरी वर्षं म्हणायच्या, कुणाच्या अंगावर गेला असेल गं तो. मग संरक्षण निधी. बायकांनी अंगावरचं सोनं काढून दिलं, हे खरं आहे, मी डोळ्यांनी बघितलंय, पण सगळ्यांनी भारावून जाऊन सगळंच दिलं असं काही नाही. माझ्या आजीने दोन बुगड्यांपैकी एक दिली. म्हणाली, एक देशाला, एक नातसुनेला. पावती देवघरात ठेवली, अन्नपूर्णेच्या मागे. आणि लगेच जानेवारी १९६३ ला मोरारजींचे सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले, नवीन दागिना चौदा कॅरेटच्या वर करायचा नाही. सोनारांचे धंदे बसले, लग्न ठरलेल्या घरात रडारड, आणि आजीला वाटलं की आपण उरलेली बुगडी वाचवून मोठंच शहाणपण केलं. नातसून आली तिने ती बुगडी आजवर घातलेली नाही, तिचे कान वर टोचलेलेच नाहीत. असो.

तर भरती. इमर्जन्सी कमिशन म्हणून स्कीम निघाली होती, सैन्याला ऑफिसर कमी पडत होते म्हणून सहा-सात महिन्यांचं ट्रेनिंग देऊन घ्यायचे, त्यासाठी पुण्यात आणि मद्रासला ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल काढलं होतं. आम्ही चौघांनी फॉर्म आणायचं ठरवलं. चौघांनी म्हणतोय, पण मुळशीवाल्याने फॉर्म बघितला, इंग्रजी बघितलं आणि शांतपणे घडी घालून परत दिला. दुसऱ्या आठवड्यात तो जवानांच्या भरतीच्या लाइनीत उभा राहिला, छाती फुगवून दाखवली, धावला आणि बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला निघून पण गेला. आम्ही इकडे अर्जाला फोटो कसा लावायचा यावर चर्चा करत होतो. तेव्हा आम्हाला त्यात काही वाटलं नाही, उलट जरा त्याचं वाईटच वाटलं, की ऑफिसर नाही झाला. आता आठवलं की लाज वाटते. वाट बघायची ही चैन आम्हाला होती, त्याला नव्हती.

तो गेला त्याच्या पुढच्या मंगळवारी आईने सवयीने तीन भाकऱ्या जास्त थापल्या. ताट पण मांडलं. मग लक्षात आल्यावर ते ताट तिने उचललं नाही, वर दुसरं झाकण ठेवलं आणि म्हणाली, असू दे, कुणीतरी येईल. संध्याकाळी त्या भाकऱ्या मी खाल्ल्या, दुधात कुस्करून. पुढच्या मंगळवारी परत तेच. हे किती महिने चाललं मला आठवत नाही, माझं वजन मात्र वाढलं.

आणि वजनावरून मेजर. त्याची उंची चांगली, पण वजन भरेना. कुणीतरी सांगितलं की मेडिकलच्या दिवशी सकाळी केळी खायची आणि वर पाणी प्यायचं, काट्यावर दोन-तीन पौंड सहज दिसतात. बापाचा गाळाच मंडईत, केळ्यांना काय तोटा. त्याने मेडिकलची वाट न बघता प्रॅक्टिसच सुरू केली. रोज पहाटे तालमीत, तिथून मंडईत, गाळ्याच्या मागच्या पोत्यावर बसून एक डझन केळी, मग दीड डझन. आम्ही समोर बसून मोजायचो. सातव्या-आठव्यापर्यंत तो गप्पा मारत खायचा, दहाव्याला गप्प व्हायचा, बाराव्याला डोळ्यात पाणी. सालं एकावर एक नीट रचून ठेवायचा, शिस्त म्हणून. मग तिथल्याच भाजीच्या काट्यावर चढायचा, बाप पलीकडे वजनं टाकायचा आणि एक अक्षर न बोलता मान हलवायचा. बाप एकदाच बोलला, म्हणाला, अरे एवढी केळी विकली असती तर.

भटजीचा प्रॉब्लेम वेगळा. त्याला इंग्रजी वाचता यायचं, लिहिता यायचं, तोंडातून निघायचं नाही. एसएसबीला, म्हणजे ऑफिसर निवडायच्या बोर्डापुढे, ग्रुप डिस्कशन असतं, तिथे कॉन्व्हेंटची पोरं येणार हे त्याने ऐकलेलं, म्हणून तो वरच्या काकांच्या पाया पडून रोज रात्री इंग्रजी बातम्या ऐकायचा आणि तोंडातल्या तोंडात म्हणायचा, अगदी संथा घेतल्यासारखं. त्याला बंगलोरचं बोलावणं आलं. चार-पाच दिवसांचा मामला तो. छातीवर नंबर लावतात आणि मग त्या नंबरनेच हाक मारतात. चित्र दाखवून गोष्ट लिहायला लावतात, शेवटी एक कोरं चित्र असतं, त्याच्यावर पण गोष्ट लिहायची. एक एक शब्द दाखवतात, पंधरा सेकंदात मनात येईल ते वाक्य लिहायचं, असे साठ शब्द. दोऱ्या, फळ्या, पिंपं देऊन ओढा ओलांडायला सांगतात, आणि ओढा म्हणजे काय तर जमिनीवर आखलेल्या दोन रेघा. हे सगळं त्याने परत आल्यावर आम्हाला अमृततुल्यच्या बाकावर बसून तीन संध्याकाळ सांगितलं. छोटं भाषण द्यायला लावतात, त्याला विषय निवडायला मिळाला तर हा पठ्ठ्या गणेशोत्सवावर बोलला, इंग्रजीत, टिळकांपासून सुरू करून. झाला की पास.

त्याच्या घरी मग वेगळीच पंचाईत. तिकडे अंडी खायला लागतील. वडील गप्प. पण त्यांच्याच सोवळ्यातल्या आत्याबाईंनी निकाल दिला, की पोरगा जिथे जाईल तिथलं खाईल, इथे आला की पंचगव्य देऊ. विषय संपला.

माझं काय झालं ते दोन वाक्यात सांगतो. माझं मेडिकल झालं, डॉक्टरांनी ओल्या पायाने कागदावर उभं केलं, कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि चष्मा पुसला. बाहेर आलो तर सायकलची हवा पण गेली होती.

मेजर मात्र ना फिट ना अनफिट. एसएसबी निघाली, मेडिकलला वजन थोडक्यात कमी भरलं, म्हणाले तात्पुरते अनफिट, वाढवून परत या. वाढवून परत गेला. बरोबर भरलं. आता घरी जा आणि पत्राची वाट बघा. आणि इथून त्याचं जे वाट बघणं सुरू झालं ते मी जवळून बघितलंय. त्याने कॉलेज सोडलेलं, कारण कधीही बोलावतील. नोकरी धरली नाही, कारण कधीही बोलावतील. एक चांगलं स्थळ आलेलं, त्यांना सांगितलं थांबा. ट्रंक भरून ठेवलेली, त्यात दोन पांढरे शर्ट, दाढीचं सामान आणि बुटाचं पॉलिश, आणि ते पॉलिश वाळून त्याला चिरा गेल्या म्हणून त्याने डबी बदलली, अशा तीन डब्या झाल्या. पोस्टमन आमच्या गल्लीत साडेदहाला यायचा. मेजर सव्वादहाला कोपऱ्यावर उभा, मुद्दाम दुसरीकडे बघत. पोस्टमन लांबूनच मान हलवायचा, बिचाऱ्याला पण रोज नाही म्हणायचा कंटाळा आला असणार. एकदा तर पोस्टमनने गल्लीत यायचंच टाळलं आणि पलीकडच्या बोळातून पत्रं टाकून गेला, तर मेजरने त्याला नारायण पेठेपासून लक्ष्मी रोडपर्यंत गाठला.

लोक काय, आधी कौतुक करतात, मग विचारतात, मग हसतात, मग विचारायचं बंद करतात. हा विचारायचं बंद करण्याचा टप्पा सगळ्यात वाईट. मधे एकदा कळलं की त्याचे कागद एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात फिरतायत, आणि तोवर इमर्जन्सी कमिशनची भरतीच आटोपत आली. तो अर्ज परत करत राहिला. केळी पण चालूच, कारण वजन कमी झालेलं दिसायला नको.

आता १९६५ वर येतो. मी तोवर खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात कारकून म्हणून चिकटलो होतो, १८६९ पासूनचा कारखाना तो. त्या वर्षी गणपती ३० ऑगस्टला बसले. ६ सप्टेंबरला आपलं सैन्य लाहोरच्या दिशेने सीमा ओलांडून गेलं आणि इकडे ब्लॅकआऊट. विचार करा, पुण्यात गणपती आणि रोषणाई नाही. आमच्या वाड्याची आरती एका समईवर, ती पण दार लावून, खिडक्यांना काळा कागद खळीने चिकटवलेला, आतमधे उकाड्याने माणसं भिजलेली. अनंत चतुर्दशी ९ सप्टेंबरला, आम्ही गणपती दिवसाउजेडीच नदीवर नेला आणि पटकन परत आलो. रात्री वॉर्डन शिट्टी मारत फिरतोय, कुणाच्या फटीतून रेघ दिसली की ओरडतोय, आणि ढग बाजूला झाले की वर चतुर्दशीचा चंद्र असा लख्ख, की गल्लीतल्या मांजराच्या मिशा दिसाव्यात. आजीने वरून विचारलं, अहो, त्याला पण सांगा की. वॉर्डन हसला पण शिट्टी त्याने एकदा वर बघून मारली खरी.

मी खडकीहून सायकलने यायचो. त्या दिवसात शिफ्टा लांबल्या होत्या, यायला अंधार. आता पुण्यात सायकलला दिवा नसेल तर पोलीस पकडायचा, हा आमचा जन्मभराचा जाच, दिव्यापायी मी कितीदा दंड भरलाय. आणि त्या आठवड्यात संगम पुलाजवळ मला पोलिसाने अडवला, का, तर दिवा चालू आहे म्हणून. मी म्हटलं हवालदारसाहेब, गेल्या महिन्यात तुम्हीच तर मला बिनदिव्याचा धरला होता. तो म्हणाला, तेव्हा शांतता होती.

तेव्हा काका सांगायचे तो आमचा नकाशा. भटजी, म्हणजे आता लेफ्टनंटसाहेब, सियालकोटच्या बाजूला आहे एवढं आम्हाला अंदाजाने कळलेलं, कारण पत्रावर पत्ता नुसता ५६ एपीओ, म्हणजे सैन्याचं टपाल, आणि आत मजकूर असा की मी मजेत आहे, तुम्ही काळजी करू नये, आत्याला नमस्कार. तिकडच्याच फिलोराच्या रणगाड्यांच्या लढाईच्या बातम्या यायला लागल्या तसं त्याच्या घरी कुणी मोठ्याने बोलेना. मग पूना हॉर्सचे कर्नल तारापोर गेल्याची बातमी आली, १६ सप्टेंबरला पडले ते, पुण्याच्या शाळेत शिकलेला माणूस, परमवीरचक्र मिळालं त्यांना. त्यांच्या पलटणीचं नाव नुसतं ऐकलं तरी आमच्या गल्लीत लोकांच्या पोटात गोळा यायचा, नावातच पुणं ना. १९ तारखेला गुजरातच्या मुख्यमंत्र्यांचं, बळवंतराय मेहतांचं विमान पाडलं, तेव्हा आमच्याकडचे म्हातारे म्हणाले आता इथवर येतील. आणि तार. तारेचा माणूस गल्लीत शिरला की सगळ्या दारांमधे बायका यायच्या आणि तो पुढे गेला की एक एक दार लागायचं. एकट्या मेजरला मात्र तार यावी असं वाटायचं. तो म्हणायचा, आता लढाई पेटलीय, आता तरी मला तारेने बोलावतील. अख्ख्या गल्लीत तार हवी असणारा माणूस तो एकटाच होता आणि त्याला ते कळत पण होतं, म्हणून तो तारवाला दिसला की घरात जाऊन बसायचा.

२३ सप्टेंबरला पहाटे साडेतीनला लढाई थांबली. संध्याकाळी दिवे लागले तर डोळे दुखले. पुढे शास्त्रीजींनी सांगितलं सोमवारी रात्रीचं जेवण सोडा, धान्य वाचवा, तर हॉटेलं, खानावळी सोमवारी रात्री बंद. आमच्या घरी पण सोमवार पाळला. आईचं मात्र म्हणणं, सोमवार सोडते, मंगळवार सोडणार नाही. आणि तुम्हाला खरं वाटणार नाही, पण त्या हिवाळ्यात मुळशीवाला रजेवर आला, तगडा, मिशी ठेवलेली, दारात उभा. गुरुवार होता. आई त्याला बघून रडली आणि लगेच म्हणाली, आज गुरुवार, तुझा वार वरच्या काकूंकडे, मला मधे घालू नकोस. शेवटी तो दोन्हीकडे जेवला.

लेफ्टनंट पण धडधाकट परत आला. लढाई संपल्यावर इमर्जन्सी कमिशनवाल्यांना टप्प्याटप्प्याने मोकळं केलं, त्यांच्यासाठी सरकारी परीक्षांमधे काही जागा राखून ठेवल्या होत्या, पण सगळ्यांना कुठल्या पुरणार. हा पुढे बँकेत लागला आणि साहेब म्हणूनच रिटायर झाला. तो घरात परत राहायला आला तेव्हा सकाळी आंघोळ करून बाहेर पडला आणि मी सवयीने फरशीकडे बघितलं. काय पाऊल होतं सांगू. त्याने माझ्याकडे बघितलं, पाय उचलला आणि पंच्याने ते पाऊल पुसून टाकलं. म्हणाला, चल, चहाला जाऊ.

मेजरला पत्र आलं, नाही असं नाही. १९६६ च्या उन्हाळ्यात आलं, दोन ओळींचं, छापील, आपल्या अर्जाचा विचार करता येत नाही. पोस्टमननेच त्याला ते हातात दिलं आणि तो वाचून होईपर्यंत उभा राहिला. मेजर घरी गेला, ट्रंक रिकामी केली, पॉलिशची डबी मला आणून दिली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बापाच्या गाळ्यावर बसला. तो गाळा त्याने पुढे चाळीस वर्षं चालवला. जे स्थळ थांबलं होतं ते खरंच थांबलं होतं, तिच्याशीच लग्न झालं.

मागच्या श्रावणात त्याच्याकडे सत्यनारायण होता. आता आम्ही दोघं पण ऐंशीच्या पुढे, जमिनीवर बसता येत नाही म्हणून खुर्च्यांवर शेजारी शेजारी. सुनेने द्रोणातून प्रसाद दिला, चांगला तुपाळ शिरा, केळं घातलेला. त्याने चमच्याने शिरा उकरला, केळ्याची एक एक चकती शोधून काढली आणि द्रोणाच्या कडेला एकावर एक नीट रचून ठेवली. सून मला म्हणाली, काका, बघा ना, बाबा शुगरला किती जपतात.